उजव्या पुढच्या चाकाचे चार नट

मी गाडी चालवत नाही. आजतागायत स्वतःची चारचाकी घेतलेली नाही. सिडकोतल्या घरापुढं एक स्कूटर उभी असते, तीही माझी बायको कमल माझ्यापेक्षा जास्त वापरते. तरीसुद्धा अकरा वर्षं मोटारींच्या शर्यतीत माझ्या सहीशिवाय एकही गाडी ट्रॅकवर जात नव्हती. हे कळलं की लोक म्हणतात, "वा, काय मजा येत असेल!" मी मान हलवतो. खरं सांगायचं तर मजा मला कधी वाटली नाही. भीती वाटली. ती शुक्रवारी सकाळी सुरू व्हायची आणि रविवारी दुपारी शेवटच्या गाडीचं इंजिन बंद झालं की उतरायची. मधल्या वेळात मी जेवलो की नाही, हे मला कमल विचारायची तेव्हा आठवायचं नाही.

माझं काम संशय घेण्याचं. शर्यतीत उतरणारी प्रत्येक गाडी आधी आमच्या शेडमध्ये येते. तिथं ती नियमात बसते का आणि धोक्याची आहे का, या दोन गोष्टी बघायच्या. नियमात बसत नसेल तर चालकाचे गुण जातात. धोक्याची असेल तर काय जाईल ते सांगता येत नाही. म्हणून मी नियमांकडं माझ्या सहकाऱ्यांना बघू द्यायचो आणि स्वतः धोका शोधायचो. ब्रेक, स्टिअरिंग, चाकं, सीटचे पट्टे, आग विझवायची नळकांडी. सगळं ठीक असलं की फॉर्मवर सही आणि काचेवर स्टिकर.

टूरिंग कार म्हणजे काही वेगळं विमान नसतं. तुमच्या शेजाऱ्याच्या दारात उभी असते तीच गाडी. फक्त आतल्या गाद्या-बिद्या सगळ्या काढून टाकलेल्या, एकच सीट, अन् आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्डिंग केलेला, गाडी उलटली तरी छत चालकाच्या डोक्यावर बसू नये म्हणून. बाहेरून ओळखीची दिसते, म्हणून बघणाऱ्याला तिची धास्ती वाटत नाही. लोक ट्रॅकच्या कडेच्या बांधावर पोरंसोरं घेऊन बसतात. ओळखीची गाडी ताशी दीडशेच्या पुढं गेल्यावर तिचा एक नटसुद्धा ओळख ठेवत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मी या कामात आलो तो वाळूजच्या कारखान्यातून. तिथं ब्रेक तपासायच्या विभागात माझी एकतीस वर्षं गेली. त्याच्याही आधीचं शिक्षण माझ्या वडलांकडं झालं. आम्ही धनगर. वेरूळच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची मेंढरं असायची. संध्याकाळी वाड्यावर मेंढरं आली की वडील एकेकाचा खूर हातात धरून दाबून बघायचे. मी म्हणायचो, "दादा, चांगली चालत्यात की सगळी." ते म्हणायचे, "लंगडल्यावर तर आंधळ्याला बी कळतंय. हात लाव." कारखान्यात मोजायची लाख रुपयांची यंत्रं आली, तरी माझा हात आधी पुढं जायचा तो त्यामुळं.

शेडमध्ये नाना तऱ्हेची माणसं भेटली. एकानं बंपरच्या आत लिंबू-मिरची बांधून आणली होती, तीही तारेनं. मी म्हणालो, "ही काढा. सुटून मागच्याच्या काचेवर गेली तर त्याला कोणाची नजर लागली म्हणायची?" तो म्हणाला, "काका, आईनं बांधलीय, मी नाही काढू शकत." शेवटी मीच काढली आणि त्याच्या तंबूच्या दाराला टांगली. दुसरा एक मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याचं हेल्मेट मुदत संपलेलं होतं. मी ते बाजूला ठेवल्यावर त्यानं तीन वेगवेगळ्या लोकांना फोन लावले आणि प्रत्येक वेळी फोन माझ्या कानाला लावायचा प्रयत्न केला. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. तिसऱ्या फोननंतर त्यानं शेजारच्या टीमचं हेल्मेट मागून आणलं. एकदा एक चालक तर सीटमध्ये बसून पट्टे लावून चक्क झोपला. मी पट्टा ओढून बघत होतो आणि हा घोरत होता! अशा माणसाचा मला हेवा वाटायचा.

आता भीतीचं मूळ सांगतो. फार पूर्वी, मी नवखा मदतनीस असताना, दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलो होतो. सरळ रस्त्याच्या शेवटी एका गाडीचं पुढचं चाक निघालं. गाडी घासत घासत वाळूत जाऊन थांबली, चालक चालत बाहेर आला. पण चाक थांबलं नाही. गाडीपासून सुटलेलं चाक गाडीपेक्षा जोरात जातं, हे मी त्या दिवशी पाहिलं. ते एकदा उडालं, दुसऱ्यांदा उडालं ते कुंपणावरून गेलं आणि पलीकडं, चालकांना झेंडे दाखवणाऱ्या माणसांच्या चहाच्या जागेत पडलं. तीन खुर्च्यांचा चुरा झाला. त्या खुर्च्यांवरची माणसं अपघात बघायला म्हणून नुकतीच उठली होती. नंतर चौकशीत कळलं ते असं: एका मेकॅनिकला वाटलं नट दुसऱ्यानं आवळले, दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

त्यानंतर मी चाकांच्या बाबतीत एक शिस्त लावून घेतली. टीमनं नट आवळलेले असले तरी मी टॉर्क पाना घेऊन प्रत्येक नट स्वतः बघायचो. हा पाना असा असतो की ठरवलेल्या जोराइतका नट घट्ट असला की 'टक' असा आवाज येतो. टक आला की मी पिवळ्या पेनानं नटावरून चाकावर एक रेघ ओढायचो. नट पुढं ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते.

आता त्या रविवारचं.

आपल्या शहरापासून जालना रस्त्यानं पुढं गेलं की आत माळावर एक खासगी ट्रॅक झाला आहे. राष्ट्रीय टूरिंग कार स्पर्धेचा शेवटचा टप्पा पहिल्यांदाच तिथं होता. मी मुख्य तपासनीस. डिसेंबरातली हवा, चौफेर ज्वारी. आजूबाजूच्या गावांतली माणसं हुरड्याच्या पिशव्या घेऊन सकाळपासून बांधावर येऊन बसली होती. बांधावरच्या त्या गर्दीकडं मी एकदा बघितलं, आणि पुन्हा तिकडं बघायचं टाळलं.

त्या वर्षी आपल्या भागातलीच एक मुलगी अजिंक्यपदाच्या शर्यतीत होती. ऋतुजा तिचं नाव. करमाडच्या बाजूचं शेतकरी घर, वय सव्वीस, शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. वर्षभराच्या रजा साठवून ती शर्यतींना जायची. तिची गाडी बांधली होती सलीमभाईंनी. जिन्सीत त्यांचं गॅरेज आहे. मला 'चचा' म्हणायचे, स्वतः माझ्याच वयाचे असून. शनिवारी सरावात ऋतुजाची गाडी दुसऱ्या क्रमांकावर आली तेव्हा सलीमभाई शेडमध्ये येऊन म्हणाले, "चचा, पोरगी कल जितती देखो. मैं बोल रहा तो जितती."

"जिंकू द्या," मी म्हणालो. "फक्त सगळी चाकं घेऊन परत येऊ द्या."

रविवारी दोन शर्यती होत्या. सकाळच्या शर्यतीत ऋतुजा दुसरी आली, पण शेवटच्या फेरीत कोइमतूरच्या एका गाडीनं तिला उजव्या बाजूनं घासलं. पुढचं उजवं चाक आत वळल्यासारखं दिसत होतं. स्टिअरिंगचा एक दांडा वाकला होता. गुणांचा हिशोब सगळ्यांना पाठ होता: दुपारची शर्यत जिंकली तर अजिंक्यपद तिचं, नाहीतर नाही.

सलीमभाई आणि त्यांच्या माणसांनी पुढची दोन्ही चाकं काढली, दांडा बदलला, चाकांचा कोन जुळवला. नियम असा की दुरुस्ती झालेली गाडी पुन्हा तपासून घेतल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ शकत नाही. गाडी माझ्यापुढं आली तेव्हा ट्रॅकवर जायचं फाटक बंद व्हायला जेमतेम सहा मिनिटं उरली होती.

"चचा, टाइम नै है," सलीमभाई म्हणाले. त्यांचे हात काळे, डोळे लाल.

"बघू द्या."

नवा दांडा हातानं हलवून बघितला. ब्रेकची नळी बोटांनी चाचपली. ऋतुजाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, ठीक होता. मग पाना घेऊन डाव्या चाकाकडं वाकलो. टक, टक, टक, टक. चार रेघा. उठून गाडीला वळसा घालून उजवीकडं आलो, गुडघे टेकले. तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला, दोन मिनिटं. त्याच वेळी दुसऱ्या टीमचा मॅनेजर माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. त्यांच्या गाडीचा पट्टा आम्ही सकाळी नाकारला होता, त्याचं काय झालं म्हणून तो तावातावानं बोलत होता. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. फॉर्मवर सही केली.

ऋतुजानं खिडकीच्या जाळीतून विचारलं, "काका, समदं ओके ना?"

"सगळं बघितलंय," मी म्हणालो. "जा."

ती गेली.

शर्यत बारा फेऱ्यांची होती. पहिल्या दोन फेऱ्या मी शेडमध्येच होतो. बाहेर बांधावरून आरडाओरडा आला, त्यावरून कळलं की ऋतुजा पुढं निघाली. मी टॉर्क पाना खिळ्याला अडकवला, पेनाला टोपण लावलं, आणि मनात काहीतरी खटकलं. मी किती टक ऐकले? चार. डाव्या चाकाचे. उजव्या चाकापुढं गुडघे टेकले ते आठवत होतं. फरशीचा गारवा गुडघ्यांना जाणवला होता. तो मॅनेजर, त्याच्या बुटाची सुटलेली नाडी, लाउडस्पीकर. आणि नंतर थेट सही. मधलं काहीच नाही. उजव्या चाकाचा एकही टक मला आठवेना.

फॉर्म काढून बघितला. चारही चाकांपुढं बरोबरच्या खुणा होत्या. पण सही करताना मी खुणा एका दमात ओढतो, हे मला माहीत होतं. त्या कागदाला काही अर्थ नव्हता.

ती चौथी फेरी होती.

मी बाहेर आलो. आमच्या ट्रॅकवर सरळ रस्ता संपला की डावीकडं मोठं वळण आहे. डावीकडं वळताना गाडीचा सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. आणि त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कुंपणापलीकडं, तो बांध. लोक उभे राहून फेटे, टॉवेल हलवत होते. एका बाईच्या कडेवर मूल होतं, त्याला ती बोट करून गाड्या दाखवत होती.

ऋतुजाची निळी गाडी सरळ रस्त्यानं आली. मी तिच्या उजव्या चाकाकडं बघितलं. एवढ्या वेगात काय दिसणार? ते थरथरतंय असं वाटलं. मग वाटलं, नाही, मीच थरथरतोय. गाडी वळणात शिरली, टायर किंचाळले, आणि पार झाली.

माझ्या खिशात रेडिओ होता. बटण दाबलं की शर्यत नियंत्रक मेनन साहेब ऐकत होते. त्यांना एक वाक्य सांगायचं होतं. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोळा आणि गाडीचा नंबर दाखवला की चालकानं ताबडतोब आत यायचं असतं, गाडीत बिघाड आहे असा त्याचा अर्थ. मी रेडिओ बाहेर काढला. हातात धरला. आणि दाबला नाही.

त्याऐवजी मी सलीमभाईंकडं गेलो. ते भिंतीला ओणवे होऊन घड्याळ बघत होते.

"सलीमभाई, उजवं पुढचं चाक कुणी आवळलं?"

"मैंच टाइट करा चचा. कायकू?"

"बराबर?"

"हौ, गन मारा ना." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "देखो, देखो, कैसी जारी पोरगी!"

घाईत हवेची गन मारलेला नट कधी तिरका बसतो आणि घट्ट असल्यासारखा भासतो. त्यासाठीच तर माझा पाना असतो. हे मला सलीमभाईंना सांगता आलं असतं. मी म्हणालो, "काही नाही. सहज विचारलं."

पाचवी फेरी. पुन्हा ते वळण. पुन्हा बांध. मी स्वतःला समजावत होतो: सलीमभाईंच्या हाताचं काम आहे, चुकायचं नाही. मी बघितलंच असणार, इतक्या वर्षांची सवय आहे, हात आपोआप करतात. उगाच मुलीचे वर्षभराचे कष्ट मातीत घालायचे का? आणि या सगळ्याच्या खाली एक विचार होता, तो मी तेव्हा नीट उघडून बघितला नाही.

सहाव्या फेरीला ती बाई मुलाला घेऊन आणखी पुढं, कुंपणाला लागून उभी राहिली. ऋतुजाची गाडी येताना ऐकू आली. मला बघवलं नाही, मी डोळे मिटले. टायरांचा आवाज आला, थांबला. लोक ओरडले. डोळे उघडले तेव्हा गाडी वळणापलीकडं निघून गेली होती आणि त्या बाईच्या कडेवरचं मूल टाळ्या वाजवत होतं.

मी बटण दाबलं. "मेनन साहेब, शिंगाडे बोलतोय. चौदा नंबर आत बोलवा. उजवं पुढचं चाक."

"काय झालंय चाकाला? खात्री आहे?"

"नाही साहेब. ढिलं आहे याची खात्री नाही. मी तपासलं याचीही नाही."

मग ते म्हणाले, "ठीक आहे. बोलावतो."

झेंडा निघाला. ऋतुजा सातव्या फेरीला त्याच्या समोरून गेली. तिनं पाहिला असेल, डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. आठव्या फेरीच्या शेवटी ती आत वळली. बांधावरचा आवाज एकदम बसला.

गाडी थांबली. सलीमभाई धावत आले, मी शेडमधून आणलेला माझाच टॉर्क पाना त्यांच्या हातात दिला. ते खाली बसले.

टक. टक. टक. टक.

चारही घट्ट. मी गुडघे टेकून वाकलो. चारही नटांवर पिवळ्या रेघा होत्या. रेघ संपवताना पेन किंचित वर उचलून बारीक शेपटी काढायची माझी सवय आहे, मुद्दाम नाही, हाताचं वळण तसं आहे. चारही रेघांना ती शेपटी होती. त्या रेघा मीच ओढल्या होत्या. म्हणजे मी तपासलं होतं. प्रत्येक नटाला पाना लावला होता, टक ऐकला होता, पेन उघडून रेघ काढली होती. आणि त्यातलं मला काहीही, काहीही आठवत नव्हतं.

त्या क्षणी जी भीती वाटली तिचं वर्णन मला जमणार नाही. चाकाची भीती निदान चाकापुरती होती.

ऋतुजानं हेल्मेटची काच वर केली. "काय झालं काका?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं घट्ट आहे. जा."

तिनं एक क्षण माझ्याकडं बघितलं, काच खाली घेतली आणि गेली. शेवटून दुसऱ्या जागेवरून तिनं चार गाड्या मागं टाकल्या, पण फेऱ्या संपल्या. अजिंक्यपद कोइमतूरला गेलं.

सलीमभाई हातातला पाना माझ्या टेबलावर ठेवायला आले. मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांनी पाना नीट खिळ्याला अडकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "दुश्मन बी ऐसा नै करता, चचा." मग निघून गेले.

संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसलो. मेनन साहेब शेजारी होते. मी लिहिलं: चौथ्या फेरीत शंका आली, सहाव्या फेरीच्या शेवटी कळवलं. ते वाचून म्हणाले, "शिंगाडे, हे फेऱ्यांचं लिहायची गरज नाही. तपासणी झालेली होती. तुम्ही सावधगिरी बाळगली. बास." मी खोडलं नाही. त्याखाली, यापुढं हे काम मला झेपणार नाही, असं दोन ओळींत लिहून सही केली.

घरी आल्यावर कमलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मी बी मीठ टाकलं का नाय ते इसरते. मग चाखून बघते. तुम्ही चाखून बघितलं, एवढंच." तिचं खरं होतं, पण मला पटलं नाही. मी दाराची कडी दोनदोनदा बघायला लागलो. गॅसची टाकी बंद केली का म्हणून मधूनच उठायचो. तिनंच मला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. म्हणाले, आजार नाही. माणूस दमलेला असला, चहूकडून आवाज असला की हातानं केलेलं डोक्यात उमटत नाही, तरुणांचंही होतं. मी बाहेर येऊन कमलला विचारलं, "ते नेमकं काय म्हणाले?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला हसू आलं. त्या दिवसांतलं ते एकच हसू.

जानेवारीच्या अखेरीला, एका सकाळी ऋतुजा घरी आली. स्कूटरवरून, एकटीच. मी दार उघडलं. ती आत येऊन बसली. पर्समधून घडी केलेला कागद काढला. माझ्या अहवालाची प्रत होती.

"मला आत बोलवलं त्याचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू, लई वाटलं. सलीमचाचा तर आठ दिवस गॅरेजला गेले नाहीत. पण ते मी समजू शकते. मला दुसरं विचारायचंय."

"विचार."

तिनं कागदावर बोट ठेवलं. "चौथ्या फेरीत शंका आली. सहाव्या फेरीच्या शेवटी कळवलं. मधी तुम्ही काय करत होता?"

मी सांगितलं. फॉर्म बघितला, सलीमभाईंना विचारलं, विचार करत होतो.

"रेडिओ कुठं होता?"

"हातात."

"मग?"

कमल चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मला वाटलं, सांगावं की तुझ्या अजिंक्यपदाचा विचार करत होतो. ते अगदीच खोटं नव्हतं. पण ती मुलगी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेपुढं अर्धं खरं बोलवेना.

"लाज वाटली," मी म्हणालो. "मेनन साहेबांना, सगळ्यांना कळलं असतं. शिंगाडे म्हातारा झाला, विसरतो. त्याची लाज वाटली."

तिनं कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "काका, चाक घट्ट होतं ते आपलं नशीब. तुम्हाला त्या वेळी ते ढिलं असंल असंच वाटत होतं ना? तसं वाटत असताना तुम्ही मला दोन फेऱ्या पळू दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या फेऱ्यांमधी मी वळणावर सगळ्यात उशिरा ब्रेक मारला. दोन्ही बारीला."

मी मान खाली घातली. तिनं कमलच्या हातून चहा घेतला, तो संपवला, कमलला नमस्कार केला. जाताना कागद टेबलावरच ठेवला. मला वाटतं मुद्दाम.

दोन महिन्यांनी मेनन साहेबांचा फोन आला. मुख्य तपासनीस म्हणून नको, पण नव्या माणसांना शिकवायला या म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. कमलनं बाजूला बसून दोन्ही हातांनी खूण केली, जा म्हणून.

सातजण होते. बहुतेक कारखान्यांतले, हाताला जाण असलेले. त्यांना वाटलं होतं मी पहिल्या दिवशी टॉर्क पाना दाखवीन. पाना मी काढलाच नाही. टेबलावर एक रेडिओ ठेवला. आधी त्यांना त्या रविवारची सगळी हकिकत सांगितली, दोन फेऱ्यांसकट, बांधावरच्या बाईसकट. मग म्हणालो, एकेकानं पुढं या, बटण दाबा आणि मोठ्यानं म्हणा, "मी तपासलं की नाही, मला खात्री नाही." दुसरा रेडिओ घेऊन मेनन साहेब पलीकडच्या खोलीत बसले होते.

पहिल्यानं हसत हसत म्हटलं. त्याला मी पुन्हा म्हणायला लावलं. सहाजणांचं झालं. सातवा पन्नाशीचा होता, एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेला, मापात केसाचीही चूक न करणारा माणूस. त्यानं रेडिओ उचलला, बटणावर अंगठा ठेवला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. बाकीचे चुळबुळ करायला लागले.

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि वाट बघत राहिलो.